माझी जिप्सी रस्त्यावर येणारच

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. संध्याकाळ.
ऐतिहासिक दिवस. तीन वर्षं खळ्यात उभी असलेली माझी जुनी जिप्सी आज शहापूर-मुरबाड रोडवर धावली. इंजिन मी बांधलं, रंग मी मारला. (ऑलिव्ह ग्रीन. मॅट.) सुरुवातीचा परफॉर्मन्स अप्रतिम. नंतर वळणावर मोरीचा कठडा आला.
कठडा साफ चुकीच्या जागी बांधलाय. मी एका हाताने व्हिडिओ काढत होतो, पण त्याचा इथे संबंध नाही. व्हिडिओ छान आलाय, शेवट सोडून.
मला खरचटलंसुद्धा नाही. गाडीची उजवी बाजू थोडी आत गेली. ट्रॅक्टरने ओढून घरी आणली. सगळं गाव दारात उभं. एरवी माझ्या स्वागताला कोणी येत नाही.
रेश्मा म्हणाली, "अहो, मी लगीन होऊन इथं आले तवापासून ती मोरी तिथंच हाय." बायकोला टेक्निकल गोष्टी समजावण्यात अर्थ नसतो.

१० फेब्रुवारी. सकाळ.
उजेडात पाहिली. उजवी बाजू "थोडी" नाही, बरीच आत आहे. डावी मात्र शोरूमसारखी. यापुढे डावीकडूनच बघायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार.
मुरबाडहून सुदाम आला. शाळेतला मित्र, आता डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. गाडीखाली झोपला, बाहेर आला, हात पुसले, चहा प्यायला. मग म्हणाला, "भावा, चेसिस वाकलीय. ही आता सरळ चालायची नाय. दुरुस्तीचा नाद सोड. इंजिन, गिअरबॉक्स चांगला हाय. पार्ट काढ नि देऊन टाक."
सुदाम मनाने चांगला आहे, पण त्याला व्हिजन नाही. चेसिस किंचित वळली आहे, एवढंच. माझ्या आजोबांचा पायही तसाच होता. ते शेवटपर्यंत चालले.
माझ्यासमोर तीन मार्ग: रिपेअर करणे, झाकून ठेवणे, पार्ट काढणे. शांत डोक्याने विचार केला. निर्णय: रिपेअर. पार्ट काढणे हा शब्द या घरात पुन्हा उच्चारला जाणार नाही, असं जेवताना जाहीर केलं. आईने विचारलं, "आमटी वाढू का रे?"

२ मार्च.
सेकंड ओपिनियन. वाशिंदचा एक मेकॅनिक. तोही म्हणाला, चेसिस गेली.

९ मार्च.
थर्ड ओपिनियन. शहापूर. हे सगळे आपापसात बोलतात असा मला संशय आहे.

३० मार्च, गुढीपाडवा.
कामाचा मुहूर्त केला. नारळ फोडला, हातोडा घेतला, पहिला ठोका घातला. आत गेलेला पत्रा बाहेर यायच्या ऐवजी बाहेरचा आत गेला. मेटल थंड होतं. उन्हाळा चढला की मऊ पडेल.

२० एप्रिल.
उन्हाळा चढला. आता मीच मऊ पडलोय. या उन्हात कोणीही गाडीचं काम करू नये.
नवा निर्णय: स्टोअर करणे. हा माघार घेण्याचा प्रकार नाही. मोठमोठ्या कलेक्टर लोकांच्या गाड्या वर्षानुवर्षं झाकलेल्या असतात. निळी ताडपत्री आणली. डाव्या बाजूने उघडता येईल अशी बांधली.
रेश्मा म्हणते, दुरुस्त करा, विका नायतर पुरा, पण खळं मोकळं करा. भात झोडायला जागा लागते. मी म्हणालो, भाताला अजून खूप वेळ आहे. ती म्हणाली, "भाताला हाय. मला नाय."

११ मे.
स्टोअर करणे हेही कामच असतं. आज ताडपत्रीची दोरी घट्ट केली.
दोन ओळी इथे लिहून ठेवतो, कोणी वाचत नाही म्हणून. फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये मी दिवसभर दुसऱ्यांना नट-बोल्ट देतो. त्यांच्या मशिनी होतात. मी सही घेतो. ही एकच वस्तू मी स्वतः उभी केली होती. ती चालू झाली तेव्हा आई ओट्यावर उभी राहून हसली होती.
असो. सोमवारपासून व्यायाम.

८ जून, रविवार.
डोंगरातल्या वाडीवरचा चांगो आला. त्याच्याकडेही जिप्सी आहे, माझ्याहून जुनी, रंग कुठला ते सांगता येत नाही. वाडीवर चढणारी तेवढी एकच गाडी. बाजार, शाळेची पोरं, आजारी माणूस, सगळं तिच्यातच.
म्हणाला, "दादा, माझा गिअरबॉक्स गेला. तुमची गाडी तं उभीच हाय. तुमचा द्याल का?"
मी त्याला प्रोजेक्ट कार (सावकाश, स्वतःच्या हातांनी उभी करायची गाडी) म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे नाय?"
नाही म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न होता.

९ जून.
रेश्मा बोलत नाही. जेवण वाढते, पण आवाज करून.

१५ जून, रविवार. दुपार.
चांगोची बायको भिमी वाडीवरून चालत खाली आली. तपासणीला मुरबाडला निघाली होती. सातवा महिना. पाऊस, चिखल, पाय सुजून भोपळ्यासारखे. आईने चहा दिला. बसायला पाट द्यायच्या आत ती माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरवर बसली. नेमकी चेपलेल्या ठिकाणी.
मी बोलणार होतो, की तो बंपर लूज आहे. त्याऐवजी बंपरखाली दगड लावला.
तिने ताडपत्री उचलून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "चांगली हाय गाडी. उभी का केली?"
या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. आज मी आईला विचारलं, अजून चहा आहे का.

१६ जून.
रात्रभर विचार करून तांत्रिक निष्कर्षाला आलो. गिअरबॉक्स नुसता पडून राहिला तर आत गंज धरतो. तो चालता ठेवणं गरजेचं आहे. तेव्हा माझा गिअरबॉक्स तात्पुरता चांगोच्या गाडीत स्टोअर करायचा. पार्ट काढणे वेगळं, हे वेगळं.
रेश्माला फरक समजावून सांगितला. तिने भाजीत तेल जास्त घातलं. म्हणजे पटलं.

२२ जून.
सुदाम आला, मी आणि चांगो. तिघांनी मिळून गिअरबॉक्स काढला आणि त्याच्या गाडीत बसवला. बोट चेंगरलं. पहिला गिअर लोण्यासारखा पडला. चांगो वाडीच्या चढावर गेला तेव्हा मी आवाज ऐकत खाली उभा होतो. बराच वेळ ऐकू येत होता.

१३ जुलै.
चांगो म्हणतो, इंजिन धूर फार सोडतं. भर चढावर बंद पडतं. अर्थातच. माझ्या गिअरबॉक्सला असलं इंजिन शोभत नाही. त्याच्यावर ताण येऊन उद्या माझंच नुकसान. इंजिनही तिकडेच स्टोअर केलं.
जाताना त्याने बांबूचे कोंब दिले. रेश्माने भाजी केली. उत्तम.

१९ ऑगस्ट.
पहाटे भिमीच्या पोटात दुखायला लागलं. धो धो पाऊस, ओढ्याला पाणी. चांगोने गाडी त्यातून काढली आणि मुरबाडच्या दवाखान्यात वेळेवर पोचवली. मुलगी झाली. दोघी ठीक.
दुपारी चांगोचा फोन आला, तेव्हा मी स्टोअरमध्ये होतो. मी विचारलं, चढावर इंजिनने त्रास दिला का? तो म्हणाला, "दादा, मी इंजिनकडं नाय बघितलं. पोर आडवं होतं. डॉक्टर म्हणाला, उशीर झाला असता तं..." मग त्याने फोन ठेवला.
मी कामाला लागलो. एका माणसाला वॉशर हवे होते, त्याला बेअरिंग दिले.

७ सप्टेंबर.
दारं दिली. त्याच्या दारांतून पाऊस आत येतो आणि गाडीत आता लहान बाळ असतं. डावं दार द्यायला जड गेलं.

२१ सप्टेंबर.
स्टिअरिंग, रेडिएटर, बॉनेट, पुढच्या सीट. आता मी विचारायची वाट बघत नाही. मीच फोन करतो.
तरी स्पष्ट करून ठेवतो: प्रोजेक्ट चालूच आहे. हे सगळं सामान परत येणार आहे. चांगोला तसं सांगितलंय. तो म्हणाला, "कवाबी सांगा दादा."

२ ऑक्टोबर, दसरा.
गाडीची पूजा. झेंडूचा हार आणला, पण घालायचा कशाला हा प्रश्न पडला. बॉनेट नाही, स्टिअरिंग नाही. शेवटी चेसिसच्या वाकलेल्या टोकाला अडकवला. मघाशी चांगो वाडीवरून आला. त्याच्या गाडीलाही हार होता. तिला शोभत होता.

२७ ऑक्टोबर.
मी फॅक्टरीत असताना सुदाम टेम्पो घेऊन आला आणि उरलेला सांगाडा भंगारला घेऊन गेला. त्याला रेश्माने बोलावलं होतं. मी घरी आलो तर खळं सारवलेलं. शेणाचा ओला वास. भाताचे भारे यायला लागतील आता.
मी चिडायला हवं होतं. चिडायची तयारी करत खळ्यात उभा राहिलो. आईने आवाज दिला, "रोशन, ओल्यात उभा राहू नको रे, पाय उमटतात."
नवा निर्णय: बॉडी नवीन बघायची. बाकी सगळे पार्ट आपल्याकडे आहेतच.

१६ नोव्हेंबर.
बॉडी बघितली नाही. भात झोडलं.

४ जानेवारी २०२६, रविवार.
म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेला गेलो. चांगो न्यायला आला. आई आणि रेश्मा पुढे बसल्या, माझ्याच सीटवर. मागे भिमी, तिची पोर, वाडीवरची गुणाबाई नावाची म्हातारी, तिचा विकायला काढलेला बोकड आणि मी.
गाडी काय चालली होती! गिअरचा आवाज नाही, चढावर दम लागणं नाही. इतके महिने गप्प बसलो होतो, आज राहवलं नाही. गुणाबाईला म्हणालो, आजी, हे इंजिन ऐका. मी माझ्या हातांनी बांधलंय. गिअरबॉक्सही माझा. ही दारं, ते स्टिअरिंग, सगळं माझ्या गाडीचं.
तिने मान हलवत सगळं ऐकलं. मग विचारलं, "मंग तुझी गाडी कुठं हाय?"
मी म्हणालो, "हीच."
"ही चांगोची," ती म्हणाली. "सरक बाबा जरा, बोकडाचा पाय अडकलाय."
सरकलो.