बसून केलेला नमस्कार

औंध, बुधवार, १२ फेब्रुवारी १९६४

आज माझ्या बहिणीला, शांतीला, बघायला आले होते. सकाळीच आबांनी मला बजावलं, "पावणं जाईस्तोवर उठू नगंस. तुजी चाल दिसली तर घरात रोग हाय म्हंत्याल."

रोग कसला? नेव्हीत पाणबुड्या होतो. खोल पाण्यातून घाईनं वर आलो, रक्तात बुडबुडे झाले, तेव्हापासून वाकून चालतो. डॉक्टर म्हणाले, हे 'बेंड्स', म्हणजे वाकणं. पूर्वी परदेशात नदीच्या तळाशी पुलांचे पाये खणणारे मजूर असेच वाकायचे. सोबती त्यांना नटव्या बायकांच्या वाकून चालण्याच्या फॅशनवरून हिणवायचे, तेच नाव राहिलं. दुखण्याचं नावसुद्धा चेष्टेतून पडावं!

तर मी बसून राहिलो. निघताना मुलाचे वडील, रिटायर सुभेदार, माझ्यासमोर थांबले. सगळे उभे. मी बसूनच हात जोडले.

संध्याकाळी मध्यस्थानं निरोप आणला. "पोरगी चांगली हाय, पर सोयरीक नगं म्हंत्यात. भाऊ लय मग्रूर. वडीलधारं मानूस म्होरं हुबं, आन् ह्यो बसल्याला!"

तो गेल्यावर आबा माझ्यावरच उखडले. "जरा उठला असतास तर काय झालं असतं रं?"

मी उठलो आणि त्यांच्यासमोरून, वाकत वाकत, आत गेलो.