आम्ही की आपण

पप्पा, तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि प्रश्न व्याकरणाचा आहे. हसू नका. लंडनमधल्या एजवेअरच्या घरात, सहा-सात वर्षांची असताना, मी तुम्हाला विचारलं होतं, "आम्ही जेवायला बसूया का?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही बसणार, मग मी काय उभा राहू? आपण म्हण. आम्ही म्हटलंस की समोरचा बाहेर." शाळेतल्या इंग्रजीत दोन्हींना एकच 'वी', त्यामुळे मी चुकत राहिले, आणि दर वेळी तुम्ही गंभीर चेहऱ्याने खुर्चीतून उठून उभे राहायचात.

मग त्या वर्षीचा पेसाख, गुलामीतून सुटल्याचा आपला सण. शेजारच्या जमैकाच्या आंटी हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून युनिफॉर्ममध्येच आल्यात. आईने बिनखमिरी भाकऱ्या केल्यात, वाटीत खजुराचा पाक आहे, आणि मुंबईहून आणलेल्या पुस्तकातून तुम्ही वाचताय, "आम्ही मिसरात गुलाम होतो." मी आंटींना त्याचं इंग्रजी करून सांगते, मिसर म्हणजे ईजिप्त. भाकरी मोडता मोडता त्या म्हणतात, "सो वॉज माय ग्रॅनीज ग्रॅनी, डार्लिंग."

तुम्ही थांबलात. चष्मा पुसलात आणि तीच ओळ पुन्हा वाचलीत. दुसऱ्यांदा आम्ही म्हणालात की आपण? माझं लक्षच नव्हतं. आपण ज्यू खरे, पण आपले लोक कोकणात घाण्यावर तेल काढणारे, मिसर आपल्याला पुस्तकातून माहीत, आणि आंटींच्या घरातली बाई खरोखर कुणाच्या तरी मालकीची होती. मला लाज वाटली. कशाची, ते आजही नीट सांगता येत नाही. मी पाकाच्या वाटीकडे बघत बसले आणि तो शब्द हातचा गेला.

या पेसाखला मुलगा कार्डिफहून सुनेला घेऊन आला. तिचे आजी-आजोबाही जमैकाचे. तिच्या माणसांचा गुलामी संपल्याचा दिवस ऑगस्टच्या पहिल्या तारखेला असतो. गेल्या वर्षी दोघं मला त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेली होती. तिथे सगळे 'वी, वी' म्हणत होते आणि त्यात मी धरलेली आहे की नाही, टाळ्या वाजवायच्या की गप्प बसायचं, मला काही कळेना. आता ती माझ्या टेबलाशी होती. आम्ही सगळं इंग्रजीतच वाचतो, तुमची ती एक ओळ सोडून. ती ओळ आली तशी मुलाने तिला शहाणपणा शिकवला, "मराठीत टू काइंड्स ऑफ 'वी' असतात," आणि दोन्हींतला फरक सांगितला.

तिने माझ्याकडे बघितलं. "अँड विच वन हॅव आय मॅरिड इंटू?" विचारताना हसत होती, पण उत्तर येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

"आपण," मी म्हटलं. "माझे पप्पा आपणच म्हणायचे."

मग तिने ते दोनदा घोकलं आणि मोठ्याने म्हणाली, "आपण मिसरात गुलाम होतो." मुलापेक्षा स्पष्ट म्हणाली.

पप्पा, मला खरंच आठवत नाही. पुस्तकात 'आम्ही' छापलंय. दोघांनाही देवनागरी वाचता येत नाही, तरी ती म्हणत होती तेव्हा मी त्या शब्दावर बोट दाबून बसले होते.