क्लिंकर आणि तीन ओटीपी

भुसावळ,
दि. ८ डिसेंबर २०२५

चि. वृषालीस,
पप्पांचा जय भीम आणि आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. शेजारचा भूपेंद्र उद्या कर्नाटक एक्सप्रेसने बंगळूरला निघालाय, त्याच्या गळ्यात ही पिशवी मारली. भरताची चार वांगी, कळण्याचं पीठ आणि फैजपूरच्या केळ्यांचे वेफर्स आहेत. वेफर्सची पुडी फोडलेली निघाली तर भूपेंद्रला विचार, मला नाही. धाकटा प्रशील सहा तारखेला दादरला जाऊन आला. जाताना रिकामी बॅग, येताना दोन पिशव्या पुस्तकं. त्यातलं एक तुझ्यासाठी काढून ठेवलंय.

आई मजेत आहे. रिटायर झाल्यापासून मी तिच्या गॅसला हात लावतो म्हणून तिचा जीव खालीवर होतो. ज्योत पिवळी दिसली की मला राहवत नाही गं. हवा कमी पडतेय, एवढं तरी सांगायचं की नाही? काल लाटणं घेऊन मागे लागली. एकतीस वर्षं दीपनगरच्या वीजकेंद्राचा बॉयलर सांभाळला, त्या माणसाची घरातली इज्जत ही अशी.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. तुझा फोन आला की मी "आईला देतो" म्हणतो, त्याला आता दोन वर्षं चार महिने झाले. आई म्हणते, "तुम्हनं तोंड शे का कुलूप?" शिरपूरची बाई, सोडते थोडीच!

गेल्या बुधवारी तू तिच्याशी बोलत होतीस तेव्हा फोन स्पीकरवर होता. मी पेपर वाचत होतो. (पेपर उलटा धरला होता असं ती गावभर सांगतेय, विश्वास ठेवू नकोस.) तू म्हणालीस, तुझा नमुना ठरल्यापेक्षा शंभर अंश आधीच वितळतोय, पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच, गाईड मॅडमनीही हात टेकले, आता तुझ्याच्यानं होत नाही. मग तू रडायला लागलीस. आईने फोन स्वयंपाकघरात नेला, पुढचं मला ऐकू आलं नाही.

तुझं काम मला कळत नाही असं तुला वाटत असेल. पण रविवारच्या पुरवणीतला तुझा लेख कुणीतरी कापून ठेवला होता, तो वाचला. ग्रह जन्मतो तेव्हा सगळा वितळलेला असतो. जड लोखंड खाली पोटात उतरतं, हलका रस वर राहतो आणि थिजून दगड होतो. पण थोडं लोखंड ऑक्सिजनला धरून वरच्या दगडातच राहतं, आणि त्याने किती ऑक्सिजन धरलाय त्यावर दगड लवकर वितळणार की उशिरा, हे बरंचसं ठरतं. मंगळासारख्या लोखंडाळ ग्रहात तर जास्तच. तुम्ही त्या दगडासारखी पूड बनवता, ऑक्सिजन मोजकाच मिळावा म्हणून गॅस सोडत भट्टीत भाजता आणि मग मोहरीएवढ्या नमुन्यावर शेकडो किलोमीटर खोलीचा दाब देऊन तो तापवता. बरोबर ना? चार वेळा वाचला. कापूनही मीच ठेवला होता.

अगं, मग हा तर आमचा क्लिंकर झाला! कोळशाच्या राखेत लोखंड असतं. भट्टीत हवा पुरेशी असली तर राख कोरडी खाली पडते. एखाद्या कोपऱ्यात हवा कमी पडली की तीच राख तिथे शंभर-दीडशे अंश आधीच पाघळते, नळ्यांना चिकटते आणि म्हशीएवढा दगड होऊन बसते. आमच्या लॅबचे रतिलालभाऊ सांगायचे, लोखंडाला ऑक्सिजन कमी मिळाला की ते राखेला लवकर वितळवतं. खात्री करायला काल त्यांच्या घरी जाऊन आलो. ऐंशीला टेकलेत, पण चहा येईपर्यंत सगळी समीकरणं लिहून दिली. कागद सोबत जोडलाय.

तू म्हणशील, पप्पा, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. शिकवत असतील. पण ऐक. दीपनगरला लागायच्या आधी मी एका खासगी कारखान्याच्या बॉयलरवर होतो. तिथे एकाच कोपऱ्यात रोज क्लिंकर. पॅनेलवर काटा म्हणायचा, हवेची झडप पूर्ण उघडी. इंजिनिअर कोळशाला शिव्या घालायचा. शेवटी मी शिडी लावून वर गेलो. खाली काटा फिरत होता आणि वर झडप जागची हलत नव्हती. तेव्हा तुमच्या भाजायच्या भट्टीत गॅस खरोखर किती जातो, हे मीटर सोडून कुणी बघितलंय का? नळी काढून बघ. नाहीतर दुसरीकडे भाजून बघ. माझं चुकलं तर चुकलं, एक वांगं जास्त खा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. एवढा वेळ वांग्यांवर घालवला.

वीज कंपनीत केमिस्टची भरती निघालीय आणि तू पुन्हा अर्ज भरतेयस, हे मला आईच्या आधी कळलं. तुझं जुनं खातं माझ्या नंबरवर आहे. गुरुवारी ओटीपी आला. मग तुझा फोन आल्यावर आईने विचारलं, "काही आलं का मोबाइलवर?" मी म्हटलं, नाही. शुक्रवारी परत आला. म्हटलं, रेंज नाही. शनिवारी मोबाइल घेऊन मी संडासात जाऊन बसलो. रेंजला काय धाड भरलीय! बाहेर आलो तर आई दारातच. एवढंच म्हणाली, "माले बठ्ठं मालूम शे." सगळं ठाऊक होतं तिला.

पहिला आला तेव्हा मला आनंद झाला गं, खोटं कशाला बोलू. पोरगी घरी येणार म्हणून पेढे आणायला पायात चप्पल घातली होती. मग आठवलं, आठ महिन्यांत याच कंपनीतली नोकरी सोडून तू संशोधनासाठी बंगळूरला निघालीस तेव्हा प्लॅटफॉर्मवर मी काय बोललो. "दगड वितळवायला एवढं शिकावं लागतं होय? माझा बॉयलर रोज वितळवतो." तू गाडीत बसलीस ती खिडकीकडे पाठ करून. आता तू हरून परत आलीस तर माझं ते बोलणं खरं ठरेल, आणि मला ते खरं व्हायला नकोय. चुकलो मी, वृषाली. फार चुकलो.

पण ओटीपी दाबून ठेवला, हे त्याहून वाईट केलं. जाताना तुला अडवलं, परत येतानाही अडवलं. दोन्ही वेळा झडप मीच धरून बसलो.

शेवटची तारीख पंधरा आहे. नळी बघ किंवा नको बघूस, तिथे थांब किंवा घरी ये, तुझं तू ठरव. ओटीपी पुन्हा मागव. मोबाइल चार्ज करून खिशात ठेवलाय. आला की मिनिटाच्या आत मी स्वतः फोन करून सांगेन. नाहीच आला, तर पंधराला संध्याकाळी फोन मीच करीन. आईला देणार नाही.

मागचे तीन खाली लिहितोय. आता चालत नाहीत, माहीत आहे. तुझे होते, म्हणून परत करतोय.

४१७०९३
८८२६१५
०३९५४२

तुझा बाप,
देवचंद