पालकाच्या सहीची जागा

सोलापूर, बुधवार, १८ जुलै १९७३

फीमाफीचा अर्ज आज परत आला. पालकाच्या सहीच्या जागी मी माझीच सही केली होती. कॉलेजच्या कारकुनाने तिच्यावर तांबडी फुली मारली.

"वडिलांची सही आणा की."

"वडील वारले. मला स्वतःला मुलगी आहे. मी गिरणीत कामाला आहे, सकाळच्या वर्गाला येणार."

तो शेजारच्याला म्हणाला, "बघा, लेकीच्या आधी बापच शाळेला निघाला." खिडकीवरची सगळी पोरे हसली. मी अर्ज उचलून बाहेर पडलो. घर माझ्या पगारावर चालते, आणि माझ्या सहीवर फुली.

घरी शांता म्हणाली, "आमच्या अण्णांची सही घ्या की. उगाच त्याच्याशी वाकडं कशाला?" सव्विसाव्या वर्षी सासऱ्यांना पालक दाखवायचे. पण मुदत शनिवारपर्यंतच, आणि माफी नाही तर कॉलेज नाही. उद्या दुधनीला जाऊन सही आणतो.

ती फुली अजून डोळ्यांपुढून हलत नाही. त्या कारकुनाविरुद्ध प्राचार्यांना तक्रार लिहून ठेवली आहे. अक्षर सुवाच्य, खाडाखोड एकही नाही. तारीख तेवढी कोरी ठेवली. माफी मंजूर होईल त्याच दिवशीची घालीन.