परवीनबाईंची वाटी

मंगळवार, दिवेलागण. किहीम.

आज धाकटी जाऊ निळी वाटी उचलून म्हणाली, "ताई, ही नुसती पडून हाय. चटणी ठेवू का हिच्यात?" मी तिच्यावर एकदम खेकसले. बिचारीला काय माहीत!

वाटी माझी नाहीच. दोन वर्षांपूर्वी सहलीच्या गटाबरोबर इराणातली जुनी शहरं बघायला गेले होते. यझ्दला मातीच्या भिंतींच्या गल्लीत उतरलो, तिथं समोरच्या परवीनबाईंनी या वाटीतून मिठाई आणून दिली. आता शेजारणीची वाटी रिकामी कशी परत करायची? पिशवीत घरची आमसुलं होती. पण एवढ्या देखण्या शहरात काळी आमसुलं द्यायची मला लाज वाटली. उद्या बाजारातून काहीतरी चांगलं आणू म्हटलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, बाजार बंद, आणि गाडी दारात. वाटी माझ्या पिशवीतच राहिली. परवीनबाई मात्र आमच्या गाडीमागे पाणी ओतत होत्या. तिकडची रीतच ती, गेलेलं माणूस परत यावं म्हणून.

रिकामी दिली असती तर काय बिघडलं असतं?

त्यांच्या शहरावर बॉम्ब पडल्याचं बातम्यांत ऐकल्यापासून, त्यांनी तेव्हा लिहून दिलेल्या नंबरावर रोज फोन लावते. कोणी उचलत नाही. नुसती घंटा वाजते. कुठल्या घरात वाजत असेल ती?

जाऊ रुसून गेल्यावर वाटी घासली, पुसली, आमसुलांनी काठोकाठ भरली. आणि ती हातात घेऊन कितीतरी वेळ दारातच उभी राहिले.