राघवेंद्रच्या नावाने आलेला मेल

राघवेंद्र यास,

नावाआधी ‘चि.’ लिहिता लिहिता हात आवरला. तुला जाऊन महिना झाला.

काल तुझ्या नावाने तुझ्या बायकोला, देविकाला, आणि मला एकच मेल आला. जुने फोटो पाठवतोय, खालची लिंक उघड, असं त्यात होतं. लगेच लातूरहून तिचा फोन आला.

“ताई, ह्यांनीच लावून ठेवला असेल. क्लासच्या पोरांना परीक्षेच्या सकाळी जाणारे मेल ते महिनाभर आधीच लावून ठेवायचे की.”

“लिंक उघडलीस?”

“हाव. बँकेचा पासवर्ड मागायलंय. टाकू?”

“टाकू नकोस. फोटो बघायला बँकेचा पासवर्ड कशाला? कुणीतरी चोर आहे तो.”

ती रडायला लागली. “तुम्हाला कशावरून कळलं?”

“पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. नाव तेवढं राघवेंद्रचं आहे.”

खरं तर पत्ता मी नंतर पाहिला. भूकंपात आई-बाबा गेल्यावर नांदेडला नोकरी करून तुला मी शिकवलं. क्लास चालू लागल्यापासून तू माझी साधी चौकशी केली नाहीस. त्या मेलची पहिलीच ओळ होती, ‘कशी आहेस?’ तिथेच मला कळलं.

देविकाजवळ हे बोलले नाही. तिला तू वेगळा आठवतोस, आठवू दे.

विमलअक्का