बाच्या खळ्यावरून गेलेलं वऱ्हाड

॥ श्री ॥

रोहा, ता. ९ मार्च २०२५

ती. जगनदादास,
मैनाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सारी खुशाल. तुझं कानाचं यंत्र परत डबीत जाऊन पडलंय असं तुझा प्रविण म्हणाला. फोनवर तू नुसता हां हां करतोस, मी आंब्याचं विचारलं की चिंचेचं सांगतोस. म्हणून मी पुन्हा कागद-पेन घेतलं. आता ऐकू नाही आलं असं म्हणायची सोय नाही.

तुझ्या नातीचं, भाविकाचं लग्न रोह्यात ठरलं म्हणून मी इतकी हरखलेय की विचारू नकोस. नवऱ्या मुलाचं, विशालचं घर आमच्या आळीपासून हाकेवर. माझ्यामागून आपल्या घरातली दुसरी लेक या गावात येतेय. शेजारची जमिला मला रोज विचारते, तुमची पोर कधी येणार, मी तिला खिमा-पाव शिकवीन.

काळजी एकच. मुलीकडची सारी माणसं बसनं आणायचं तू ठरवलंस म्हणे. हायवे कसा असतो ते तुला मी सांगू? प्रविण म्हणतो, पेणहून सकाळची रेल्वेगाडी धरली तर सगळे मुहूर्ताच्या आधी आरामात पोचतील. तर तू त्याला म्हणालास की त्या गाडीत माझी तिरडीसुद्धा चढणार नाय. दादा, पोरीच्या लग्नघरात असं बोलतात का? तुझ्या सुनेनं दोन दिवस नीट भात गिळला नाही.

रागावू नकोस, पण विचार कर. धाकटीचं एवढं ऐकशील या भरवशावर,

तुझी,
मैना


पेण, ता. १६ मार्च २०२५

चि. सौ. मैना हिस,
जगनदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तिरडीचा शब्द मागं घेतला, सुनेला पण तसं सांगितलं. बाकीचा घेतला नाय.

गो मैना, रुळाच्या खुंट्या ठोकल्या त्या साली तू शाळेत होतीस. मी बाच्या शेजारी उभा होतो. सायबानं दुर्बीण लावली, गडी पुढं आला आणि खुंटी बसली ती आपल्या खळ्याच्या मधोमध. दर साली शेणानं सारवून, पायानं बडवून आयनं आणि बानं ते खळं दगडासारखं केलेलं. मी म्हटलं, बा, पलीकडं दुसरं करू. तो म्हणाला, जमिनीला पाय लागायला जन्म जातो. त्या पावसाळ्यात तो भाताच्या आवणीला शेतात उतरला नाय. पुढच्याही नाय. ओट्यावर बसून मातीचा भराव चढताना बघायचा.

भराव पुरा झाला त्या दिवशी मी त्याच्यासमोर बोललो की या गाडीत मी पाय ठेवणार नाय. त्यानं मान हलवली. बस, तेवढंच. आता तो गेला. शब्द परत घ्यायचा तर कोणाकडून घेऊ?

एवढी वर्षं मी एसटीनं फिरलो, मिनिडोर रिक्षानं फिरलो, काय अडलं नाय. बस ठरवलीय. ड्रायव्हर ओळखीचा हाय. तू रोह्याची बाजू सांभाळ, माझ्या बाजूची काळजी नको. जमिलाला सलाम सांग.

माया हाय तशी ठेव.

तुझा,
जगनदादा


रोहा, ता. १३ एप्रिल २०२५

ती. दादास,
मैनाचा नमस्कार. वि. वि.

साखरपुडा झकास झाला. मी सुखरूप पोचले. तांदळाची गोण, पापडाचा डबा, सुकटीची पिशवी, सगळं पोचलं. इतकं ओझं दिलंस म्हणूनच तुला स्टेशनाच्या आत यावं लागलं. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, पण देवानं केलं असेल तर त्याला मी नावं ठेवणार नाही.

तुझा राग खोटा आहे असं मी जन्मात म्हणणार नाही. ओट्यावर बसलेला बा मीही बघितलाय. पण माझं पण ऐक. माझं लग्न झालं तेव्हा गाडी रोह्यापर्यंत नुकतीच यायला लागली होती. सासूबाई म्हणायच्या, माहेर लांब हाय, वर्षाकाठी एकदा जायाचं. मी म्हटलं, सकाळी बसते, दुपारी आयला भेटते, संध्याकाळी भाकरी थापायला परत. भाऊबीज, आयचं दुखणं, भाविकाचं बारसं, मी कशाला चुकले सांग? कधी कडेवर पोर, कधी डोक्यावर पाटी, पण आले. ज्या गाडीनं बाचं खळं नेलं, तिनंच मला माहेर राखून दिलं. हे दोन्ही खरं आहे, दादा. मी काय करू?

आणि एक विचारायचंय. गाडी सुटली, मी खिडकीतून हात करतेय, आणि तू माझ्याकडे बघायचं सोडून मान वर करून त्या पाटीकडे काय बघत होतास?

उत्तराची वाट बघते. उन्हात हिंडू नकोस.

तुझी,
मैना


पेण, ता. २१ एप्रिल २०२५

चि. सौ. मैनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाटीचं विचारलंस तर सांगतो, पण हसू नको.

कान गेल्यापासून मी लग्नात बसतो, मयताला बसतो, गावकीच्या बैठकीत बसतो, आणि साऱ्यांच्या तोंडाकडं बघत राहतो. कोण हसलं की मी पण हसतो. मग घरी येऊन प्रविणला विचारतो, कशावर हसलो रे आपण? तर त्या दिवशी फलाटावर सारी माणसं भोंग्याकडं कान लावून उभी. पंख्याचा आवाज, पोरांचा कालवा, कोणाला काय समजेना. आणि पाटीवर लाल अक्षरात लिहून आलं, कोणती गाडी, कुठं येतेय, किती उशीर. मी शेजारच्या माणसाला सांगितलं, दिव्याला जाणारी गाडी याच फलाटावर. त्यानं माझे आभार मानले! मैना, बारा वर्षांत पहिल्यांदा मी कोणाला तरी बातमी दिली.

तेव्हापासून संध्याकाळी जातो. बाकावर बसतो, नळाचं पाणी गार असतं. कातकरणी जांभळं-करवंदं घेऊन उतरतात, कंपनीची पोरं शिफ्टवरून येतात, गणपतीच्या कारखान्यातली जोहे गावची माणसं भेटतात. सगळ्यांना आता ठाऊक झालंय, त्या आबाला विचारा, तो वाचून सांगतो. चहावाला मला स्टेशनमास्तर म्हणतो. मालगाडी गेली की सारा फलाट पायातून छातीत येतो. गाडी ऐकू येत नाय, पण अंगात येते.

लगेच नाचू नको. बघणं वेगळं, बसणं वेगळं. बस ठरलेली हाय ती हाय. शब्द म्हणजे शब्द.

घरातल्या साऱ्यांना आशीर्वाद. आठवण ठेवतेस, तीच पुरे.

तुझा,
जगनदादा


पेण, ता. १४ मे २०२५

चि. सौ. मैनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लग्नात तू मला कितीदा काय काय विचारलंस. बेंजोच्या दणक्यात मी नुसती मान हलवली. आता पाय दुखायचे थांबले, तर सविस्तर लिहितो.

सकाळी लवकर बस सुटली. वडखळ सोडलं आणि थांबली. पुढं कंटेनर आडवा झालेला, मागं गाड्यांची शेपूट. प्रविण चालत जाऊन बघून आला, त्याचं तोंड पांढरं. दुपारशिवाय काय हलत नाय म्हणाला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. भाविका मुंडावळ्या बांधून बसलेली. ती रडली असती तर मी तिला दटावलं असतं. ती रडली नाय. मांडीवर हात ठेवून गप बसली, ओट्यावर बा बसायचा तशी. ते मला बघवलं नाय.

मी उठलो. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, फिरव, पेण स्टेशनला घे. बसमधली सारी तोंडं उघडी पडलेली मला दिसली. ड्रायव्हरनं कशीबशी बस फिरवली न पेण गाठलं.

तिकिटाच्या खिडकीला रांग होती. नवरी बघितली आणि रांग आपोआप बाजूला झाली. खिडकीतली पोरगी भाविकाकडं बघून हसली आणि भराभर तिकिटं दिली. मी पाटी वाचली, गाडी यायची होती. सारं वऱ्हाड माझ्याभोवती, दादा, कुठं जायचं, आबा, कुठला फलाट. मी हात वर केला आणि पुढं निघालो. आहेराची भांडी, तांदळाच्या अक्षता, रुखवताचे लाडू, सगळं डोक्यावर. लग्नाचे धवले गाणाऱ्या ठमाबाई धवलारणीला दोघींनी उचलूनच आणलं.

गाडी आली. दार बरोबर माझ्यासमोर. आणि वऱ्हाड चढेना. माझी शपथ साऱ्या गावाला ठाऊक, माझ्या आधी चढायला कोणी धजेना. मी भाविकाचा हात धरला. मनात म्हटलं, बा, तुझ्यासमोर बोललो होतो, आता तुझी पणती वेळेवर न्यायचीय, तूच सांग. आणि पाय टाकला. उजवा.

डब्यातल्या माणसांनी उठून जागा दिली. एका कोळणीनं आपल्या वेणीतला गजरा काढून भाविकाला माळला. गाडी हलली तशी ठमाबाईनं धवला धरला. मला ऐकू येत नव्हतं, पण बायकांच्या माना एका ठेक्यात डुलताना दिसत होत्या.

मग गाडी आपल्या भरावावर आली. खिडकीतून बानं बांधलेला बांध दिसला, खाडीचं पाणी अडवून अजून उभा. खळं कुठं होतं ते मी डोळे मिटून सांगीन. बरोबर तिथं ठमाबाई थांबली, तिनं पदर डोळ्याला लावला आणि परत म्हणायला लागली. ती लहानपणी आपल्याच खळ्यात भात पाखडायला यायची, ठाऊक हाय ना? भाविका माझ्या तोंडासमोर वाकली आणि सावकाश म्हणाली, आबा, तिनं पणजोबांचं नाव घेतलं. हिराजीबाबा, पणतीच्या मांडवाला या, असं म्हणतेय.

मैना, आपला बा त्या गाडीतून लग्नाला आला गो. मी त्याला जागा करून दिली. खरंच, थोडा सरकून बसलो.

खळ्याचं दुःख गेलं असं नाय. पण आता मी त्याच्यावरून नाचत गेलोय. पुढं तुझ्या डोळ्यानं तू बघितलंस तेवढं लिहून पाठव. माझी अर्धी मजा आवाजात राहिली.

सासरच्या साऱ्यांना नमस्कार. लेकराला जप.

तुझा,
जगनदादा


रोहा, ता. २२ मे २०२५

ती. दादास,
मैनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आधी एकटीनं वाचलं, मग जमिलाला वाचून दाखवलं, मग दोघींनी मिळून परत एकदा.

भाविका मजेत आहे. विशालची आई तिला चुलीकडे फिरकू देत नाही. येत्या शनिवारी दोघं सकाळच्या गाडीनं परतणीला माहेरी येतायत, कोंबडी तयार ठेवायला सुनेला सांग. खांब गावाहून हायवेनं आलेले विशालचे मामा पंगती उठल्यावर पोचले, आणि वर आम्हालाच विचारतात, वऱ्हाड एवढ्या लवकर कसं आलं?

आता माझ्या बाजूचं सांगते. बस अडकली असा प्रविणचा फोन आला तेव्हा मी हॉलच्या पायरीवरच बसले. दुसरा फोन आला, दादा सगळ्यांना घेऊन गाडीत चढले. मी दोनदा विचारलं, कोणता दादा? मग उठले ती थेट पळत सुटले. विशालचे वडील बेंजोपार्टी घेऊन माझ्यामागे, आणि जमिलाचा मुलगा सलमान टेम्पोतली विटांची खेप तिथंच उतरवून, टेम्पो धुऊन, सतरंजी अंथरून हजर.

गाडी थांबली. आधी तू उतरलास. टोपी वाकडी, धोतराचा सोगा खांद्यावर, एका हातात भाविकाचा हात आणि दुसऱ्या हातात अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं उंच धरलेली, झेंड्यासारखी. मागून ठमाबाई गातेय, बायका गातायत, उतरणारे प्रवासी पण टाळ्या वाजवतायत. बेंजोवाल्यांना थांबा म्हणायची सोय नव्हती, त्यांनी तिथंच सुरू केलं. आणि तू फलाटावर नाचलास, दादा. ठेका कुठं चाललाय याचा तुला पत्ता नव्हता, पण तू असा नाचलास की बेंजोवाल्यांनी आपला ठेका सोडून तुझा धरला.

माझ्या शेजारी एक अनोळखी बाई उभी होती. तिनं विचारलं, कोण हो हे, कोणी मोठे पुढारी आलेत का?

मी सगळ्या फलाटाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, पुढारी नाही, माझा भाऊ आहे!

माझ्या घरचा उंबरा तुझी वाट बघतोय. मायेला खंड पडू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी धाकटी,
मैना